पगारातला भेदभाव आणि पगारातली तफावत, एक नाहीत हो

दरवर्षी 8 मार्चला गुलाब आणि कपकेक वाटून झाले की आमच्या कॅन्टीनमध्ये तोच वाद. एकजण म्हणणार बायकांना पगार कमी मिळतो, दुसरा लगेच "कुठंय? आपल्याकडे तर ग्रेडप्रमाणे पगार, बाई असो की बाप्या". हिंजवडीत बारा वर्षं पेरोल बघतोय, ऐकून ऐकून कान किटले. दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडतायत.

समान कामाला समान पगार, हे तुम्हाला माहितीच आहे. काम सारखं आणि बाई म्हणून पगार कमी, तर तो सरळ भेदभाव. 1976 च्या कायद्यानं त्यावर बंदी आली, तीच तरतूद आता 2019 च्या वेतन संहितेत आहे. फक्त एवढंच, की कायदा डेझिग्नेशन नाही, काम बघतो. 1987 मध्ये मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतल्या लेडी स्टेनोंची, पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगाराची केस सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा "त्यांची कॅटेगरीच वेगळी" हे चाललं नाही आणि "कंपनीला परवडत नाही" हेही नाही.

आता तफावत, म्हणजे पे गॅप. घोळ होतो तो इथंच. यात दोन माणसं शेजारी उभी करतच नाहीत, सगळ्या पुरुषांची सरासरी एकीकडे आणि सगळ्या बायकांची दुसरीकडे. (अ‍ॅव्हरेज की मीडियन यावर भांडणारेही असतात, ते सोडा.) समजा टीममध्ये दहा पुरुष, दहा बायका. ज्युनिअरला सरसकट 40 हजार, मॅनेजरला सरसकट 1 लाख. पुरुषांत पाच मॅनेजर, बायकांत दोन. पुरुषांची सरासरी 70 हजार, बायकांची 52 हजार. तफावत जवळपास 26 टक्के, आणि एकाही ग्रेडला कोणालाच एक रुपया कमी दिलेला नाही!

म्हणून "26 टक्के गॅप म्हणजे त्याच कामाला 26 टक्के कमी" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण "बघा, ग्रेडप्रमाणेच आहे, मग भेदभाव कुठला" म्हणणाऱ्यावर त्याहून जास्त फिरतं, कारण मॅनेजर दोनच का हा प्रश्न तो सोयीनं गिळतो. क्लॉडिया गोल्डिनना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर, आणि त्यांचं म्हणणं असं की आता तफावतीचा मोठा भाग एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांत दिसतो आणि तो पहिल्या मुलानंतर वाढत जातो.

हे माझ्या समोर घडलेलं आहे. आधीच्या कंपनीत एक मॅडम 26 आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपवून परत आल्या, अप्रेझलला रेटिंग खाली, का तर "वर्षात निम्मंच काम केलं". मग हाइक कमी, मग प्रमोशन पुढच्या वर्षावर, मग ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटकडे जायची संधी, दुसऱ्याला कारण "घरी लहान बाळ आहे ना त्यांचं", आणि हे काळजीच्या सुरात बरं का. त्यांची प्रत्येक सॅलरी स्लिप मी काढलीय, ग्रेडप्रमाणे एकदम करेक्ट. चूक स्लिपमध्ये नव्हतीच, ती त्या ग्रेडला किती वर्षं अडकून पडल्या त्यात होती.

त्यामुळे एचआरनं एका आकड्याची स्लाइड दाखवली तर तिथंच थांबू नका. ग्रेडवार बायका किती, आणि त्या ग्रेडला पोचायला पुरुषांना किती वर्षं लागली नि बायकांना किती, हे दोन कॉलम मागा. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे, डेटा सगळा पेरोलकडे असतो.