लिनक्स निवडताना एक नंबरला कोण आहे ते बघा

पावसाळ्यात खानापूरकडे लाईट दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसतो. बॅटरी गेलेला जुना लॅपटॉप तितक्या वेळा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. "सिस्टमडी नसलेलं लिनक्स टाका, झटक्यात सुरू होतं," असं कॉलेजची पोरं सांगतात. सिस्टमडी म्हणजे लिनक्स सुरू होताना बाकीचे प्रोग्राम उठवणारा प्रोग्राम. पोरांचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

बटण दाबल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा होतो आणि वापरकर्त्याच्या बाजूची पहिली प्रोसेस सुरू करतो. तिचा क्रमांक १, नाव इनिट. पुढच्या साऱ्या सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, तीच उठवते. ती मेली तर कर्नलही थांबतो. जुनं सिसव्ही इनिट साध्या स्क्रिप्ट ठरलेल्या क्रमाने चालवतं. एक अडली की मागच्या खोळंबतात.

२०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टमडी आणलं. त्यातली सॉकेटची युक्ती मला फार आवडते. आपल्याकडे गिरणी उघडण्याआधीच ओट्यावर दळणाचे डबे रांगेला लागतात. गिरणीवाल्यासाठी कोणी ताटकळत नाही, डबा ठेवून माणूस कामाला जातो. सॉकेट, म्हणजे प्रोग्रामनी एकमेकांसाठी निरोप ठेवायची जागा, हा तो ओटा. सिस्टमडी आधी सगळे ओटे बांधून घेतं, मग सेवा एकदम सुरू करतं. नोंदी ठेवणारी सेवा अजून उठली नसली तरी इतरांचे निरोप कर्नल सॉकेटच्या बफरमध्ये सांभाळतो, ती उठली की वाचते. ओटा भरला, किंवा घरातलं पीठच संपलं असेल, म्हणजे उत्तर लगेच हवं असेल, तरच थांबावं लागतं. ॲपलच्या मॅकमधल्या लाँचडी या इनिटमध्ये हीच कल्पना २००५ पासून होती.

म्हणजे सिस्टमडी मुळात संथ नाही. जुन्या लॅपटॉपचा वेळ बहुतेकदा फिरती हार्डडिस्क खाते. एसएसडी बसवली की फरक डोळ्यांना दिसतो. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू जरूर वाहा, पण फुकटच्या 'स्पीड बूस्टर'वर श्रद्धा ठेवू नका.

मग निवडायचं कशावरून? बिघडल्यावर तुम्हाला काय वाचता येईल त्यावरून. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये आवृत्ती ८ पासून, म्हणजे २०१५ पासून, सिस्टमडी आहे. मदत मुबलक मिळते आणि कुठली सेवा किती वेळ घेते तेही एका आज्ञेत कळतं. स्क्रिप्ट उघडून स्वतः शिकायचं असेल तर डेव्हुआन, म्हणजे सिस्टमडी नसलेलं डेबियन, घ्या. व्हॉइड या लिनक्समधलं रनिट हे इनिट तर इतकं छोटं आहे की चिकाटीच्या विद्यार्थ्याला ते पूर्ण समजून घेता येतं. मराठी-कन्नड टायपिंगला यातल्या कशानेही फरक पडत नाही.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. टर्मिनलमध्ये 'पीएस -पी १' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की एक नंबरला कोण बसलंय ते कळतं.