हायपोक्लोरस अम्ल (जंतुनाशक)

हायपोक्लोरस अम्ल : क्लोरीन पाण्यात विरघळला की तयार होणारे एक दुर्बल अम्ल. रेणू अगदी लहान. हायड्रोजन, ऑक्सिजन आणि क्लोरीन यांचा प्रत्येकी एकच अणू. शुद्ध स्वरूपात ते वेगळे काढता येत नाही. पाण्यातल्या द्रावणातच सापडते आणि तिथेही फार दिवस टिकत नाही. ब्रोमिनचा शोध लावणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान बालार यांनी १८३४ मध्ये ते प्रथम तयार केले. नळाचे पाणी, रुग्णालयातली फरशी आणि आपले स्वतःचे रक्त या तिन्ही ठिकाणी जंतू मारण्याचे काम हे एकच अम्ल करते. श्रेय मात्र बहुतेक वेळा नुसत्या ‘क्लोरीन’ला जाते.

वॉर्डात ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट. हायपो आणि हे अम्ल ही एकाच क्लोरीनची दोन रूपे आहेत आणि कोणते रूप किती असेल ते पीएच (द्रावण किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप; आकडा लहान तितके आम्लधर्मी) ठरवतो. पीएच साधारण ७.५ असताना दोन्ही निम्मे-निम्मे असतात. ६.५ ला सुमारे नव्वद टक्के अम्ल, ८.५ ला जेमतेम दहा टक्के. बाटलीतला हायपो चांगलाच अल्कधर्मी असतो, म्हणून तो टिकतो; पण त्यातले बरेचसे क्लोरीन कमी प्रभावी रूपात पडून असते. हायपोक्लोराइट आयनावर ऋण भार असतो आणि जिवाणूच्या पृष्ठभागावरही ऋण भारच असतो, त्यामुळे तो बाहेरच अडतो. अम्लाच्या रेणूवर भार नसल्याने तो पटलातून सहज आत शिरतो आणि प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांचे ऑक्सिडीकरण करून पेशीचा कारभार बंद पाडतो. ई. कोलाय या जिवाणूवर अम्लाचा मारा आयनाच्या सुमारे ८० पट किंवा त्याहून अधिक प्रभावी असल्याचे मानले जाते. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसत असल्याने जंतूंना त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावणे अवघड जाते.

शरीराला ही युक्ती फार आधीपासून ठाऊक आहे. न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि मायलोपेरॉक्सिडेज या विकराच्या मदतीने रक्तातल्या साध्या क्लोराइडपासून तिथल्या तिथे हायपोक्लोरस अम्ल बनवतात. या विकराचा रंग हिरवा असतो. पुवाला कधीकधी येणारी हिरवट झाक त्याचीच. साठवण नाही, वाहतूक नाही. लागेल तेव्हा, लागेल तिथे निर्मिती. आजची रुग्णालयीन यंत्रे याच मार्गाने चालली आहेत.

वैद्यकातला वापर या अम्लाचे नाव न घेताच सुरू झाला. १८४७ च्या मे महिन्यात इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरिनेटेड चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर असलेले बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आले. पहिल्या महायुद्धात रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन आणि शल्यचिकित्सक अलेक्सी कॅरेल यांनी फ्रान्समधल्या काँप्येन्य येथे सुमारे अर्धा टक्का हायपोक्लोराइटचे द्रावण रबरी नळ्यांनी जखमेत वरचेवर सोडण्याची पद्धत बसवली. त्याच सुमारास एडिंबरोत ‘युसॉल’ तयार झाले : एक लिटर पाण्यात साडेबारा ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि तेवढेच बोरिक अम्ल. बोरिक अम्लामुळे पीएच खाली येतो आणि हायपोक्लोरस अम्लाचे प्रमाण वाढते. भारतातल्या सरकारी रुग्णालयांच्या सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंगसाठी युसॉलच्या पट्ट्या वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. स्वस्त, पण ताजेच वापरावे लागणारे. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्याच्यावर बरीच टीका झाली. जंतूंबरोबर नव्याने भरणारी ऊतीही ते दुखावते, हा मुख्य आक्षेप होता.

महाराष्ट्रातल्या गावांत हे अम्ल भेटते ते विहिरीत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. किती टाकायची हे हॉरॉक्स संचाने ठरवता येते. आत खूण असलेल्या काळ्या कपात दोन ग्रॅमचा एक चमचा पावडर कालवतात, सहा पांढऱ्या कपांत विहिरीचे पाणी भरतात आणि काळ्या कपातली निवळी पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन अशी सोडतात. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. निळा रंग ज्या कपात प्रथम स्पष्ट दिसतो, त्याच्या क्रमांकाइतके चमचे पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते. आधीच्या कपांतले क्लोरीन पाण्यातल्या गाळाने आणि सेंद्रिय घाणीनेच खाऊन टाकलेले असते. हे ‘खाऊन टाकणे’ लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण रुग्णालयातही नेमकी तीच अडचण येते.

आता रुग्णालयांत वापरायचे द्रावण मिठाच्या पाण्याचे विद्युत् विच्छेदन करून बनवतात. धनाग्रापाशी क्लोरीन तयार होतो आणि पाण्याशी संयोग पावून हायपोक्लोरस व हायड्रोक्लोरिक अम्ल देतो. ऋणाग्रापाशी हायड्रोजन आणि दाहक सोडा. मधला पडदा आणि वीजप्रवाह यांचा मेळ घालून हवा तो पीएच साधतात. ‘इलेक्ट्रोलाइज्ड वॉटर’, ‘सुपरऑक्सिडाइज्ड सोल्युशन’ ही याच कुळातली नावे. जपानने यात आघाडी घेतली आणि २००२ मध्ये अन्नपदार्थ धुण्यासाठीही त्याला मान्यता दिली. मधुमेही पायाच्या जखमा व भाजलेल्या जखमा धुणे, पापण्यांच्या कडांचा दाह झाल्यास ०.०१ टक्क्याचा फवारा, दंतवैद्याच्या खुर्चीतल्या पाण्याच्या नळ्या, एंडोस्कोप, खाटा आणि टेबले असा त्याचा पसारा आहे. ते झोंबत नाही, वास उग्र नसतो आणि पुसून घेतल्यावर मागे उरते ते थोडे मीठ. जखमांबाबतच्या चाचण्या उत्साहवर्धक असल्या तरी बऱ्याचशा लहान आहेत. प्रतिजैविकाची किंवा मृत ऊती काढून टाकण्याची जागा ते घेत नाही. उलट रूट कॅनालमध्ये दंतवैद्य तीव्र हायपोच पसंत करतात, कारण तिथे मृत ऊती विरघळवायची असते आणि ते काम अल्कधर्मी द्रावणच नीट करते.

रक्त सांडले असेल तर आधी ते टिपून घ्यावे लागते. रक्तातली प्रथिने सौम्य द्रावणातला क्लोरीन क्षणात संपवतात आणि परिचारिकेच्या हाती उरते ते खारट पाणी. म्हणूनच अशा जागी एक टक्का हायपो अजूनही टिकून आहे. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलसारख्या जिवाणूंची बीजुके मारायलाही जास्त तीव्रता आणि जास्त वेळ लागतो. कोविडच्या साथीत चौकाचौकांत हायपोच्या फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले, तेव्हा १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर जंतुनाशक फवारू नका असे सांगावे लागले. फवाऱ्याने शरीरात शिरलेला विषाणू मरत नाही. डोळे, कातडी आणि श्वासनलिका मात्र चुरचुरतात. निरुपद्रवी म्हणून विकल्या जाणाऱ्या हायपोक्लोरस अम्लाच्या धुक्यालाही हा आक्षेप बराचसा लागू पडतो.

ऊन, उष्णता आणि धातूचा संपर्क यांनी द्रावण लवकर उतरते, म्हणून अपारदर्शक प्लास्टिकची झाकणबंद बाटली वापरतात आणि कागदी पट्टीने पीपीएम (दहा लाख भागांत क्लोरीनचे किती भाग) तपासतात. संडास धुण्याचे अ‍ॅसिड हायपोत ओतणे मात्र जिवावर बेतू शकते. क्लोरीन आणि पाणी यांपासून हे अम्ल ज्या अभिक्रियेने बनते, तीच अ‍ॅसिडमुळे उलटी फिरते आणि बंद मोरीत क्लोरीन वायू भरतो.