रबरी मॅट नेलीत, आता एवढं सांभाळा

मॅट घेतल्याबद्दल धन्यवाद. हा कागद बिलाबरोबर गाडीच्या कप्प्यात ठेवा, पावसाळ्यात लागेल.

आपल्याकडं मॅटची खरी परीक्षा जूनपासून. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडून आलेली गाडी तांबडी माती घेऊन येते, शिरोळकडची काळी. काळी माती ओली असताना घासलीत तर नुसती पसरते. तिला वाळू द्या आणि मॅट बाहेर काढून उलटी झटका, निम्मी ढेकळं तिथंच गळतील. तांबडी बारीक असते, खाचांत जाऊन बसते. ती ओली आहे तोवरच पाण्याच्या धारेनं काढलेली बरी.

धुताना मॅट गाडीतून बाहेर काढाच. रबर पाणी पीत नाही, पण खालचं कारपेट पितं. मग कुबट वास सुटतो आणि ओल तशीच राहिली तर पत्र्याला गंज धरतो. गाडी धुण्याचा शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड बादलीभर पाण्यात थोडंसं घालायचं, नायलॉनच्या ब्रशनं खाचांच्या दिशेनं घासायचं, बास. तारेची घासणी, ब्लीच नको. पेट्रोल, डिझेल, रॉकेल तर अजिबात नको. डाग जाईल, पण रबर फुगतं आणि मऊ पडतं. धुतल्यावर सावलीत उभी करून दोन्ही बाजू कोरड्या होऊ द्या. रोज कडक उन्हात टाकलीत तर वर्षा-दोन वर्षांत तडे जातील.

काही खास कोल्हापुरी डाग. दूध सांडलं तर आधी गार पाणी. गरम पाण्यानं ते चिकटून बसतं. नंतर साबण. वास राहिलाच तर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा. तांबड्या रश्श्याचं पार्सल उलटलं तर तेलकटपणा आधी कागदानं टिपा, मग कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. जोतिबाहून आल्यावर गुलालावर थेट पाणी मारायचा मोह होतो, तो आवरा. आधी कोरडा झटका किंवा व्हॅक्यूम करा. ओला गुलाल खाचांतून कारपेटवर उतरला की तो डाग आमच्याही हातचा राहत नाही.

मॅट कधी कधी पांढुरकी दिसते. तो दर वेळी मळच असतो असं नाही. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात मेण घालतात, ते हळूहळू वर येतं. ओल्या फडक्यानं पुसा, एवढंच.

आणि आता ज्यासाठी हा कागद छापला ते. वॉशिंग सेंटरवर मॅटला टायर पॉलिश मारून देतात. दिसते झकास, पण पायाखाली बुळबुळीत होते. आमच्या एका गिऱ्हाइकाची ओली चप्पल अशाच मॅटवर घसरली आणि पाय क्लचवरून सटकला, थोडक्यात निभावलं. गाडी धुवायला देतानाच सांगा, ‘मॅटला पॉलिश नको.’ जेवढी मळकट दिसेल तेवढी दिसू दे!

तसंच जुन्या मॅटवर नवी टाकू नका. ड्रायव्हरची मॅट हुकात अडकवा आणि गाडी बंद असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा, कड मध्ये येते का ते. ही बारीकसारीक गोष्ट नाही: मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकू शकतो म्हणून टोयोटाला 2009 मध्ये अमेरिकेत लाखो गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला होता. कड वळली असेल तर मॅट कोवळ्या उन्हात तासभर पालथी ठेवून वर वजन द्या, बहुतेक वेळा सरळ होते.

टाच टेकते तिथं भोक पडलं की मात्र मॅट बदला. ड्रायव्हरची एकटी मॅटही आमच्याकडं मिळते, पूर्ण सेट घ्यायलाच हवा असं नाही. येताना जुनी सोबत आणा, हुकांची जागा तिच्यावरून जुळवता येते.