रोज साडेचारला बंद: 'डीटी'मागची गोष्ट

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन गेमचा सर्व्हर रोज जागतिक वेळेनुसार सकाळी 11 वाजता थोडा वेळ बंद होतो. या बंदलाच खेळाडू 'डीटी', म्हणजे डाउनटाइम, म्हणतात. आपल्याकडे तेव्हा साडेचार वाजलेले असतात, म्हणजे चहाची वेळ. सिडनीत रात्रीचे 9, तिथल्या उन्हाळ्यात 10. युरोपचा खेळाडू तेव्हा कामावर असतो, अमेरिकेचा झोपेत. ऐन खेळायच्या वेळी बंद आमच्याच वाट्याला का, ही ऑस्ट्रेलियावाल्यांची तक्रार इथूनच सुरू होते, आणि ती खोटी म्हणता येत नाही.

मे 2003 मध्ये हा गेम आला तेव्हा 'डीटी' तासाभराचा असायचा. पुढे तो अर्ध्या तासावर आला, आता बहुतेक दिवशी काही मिनिटांत उरकतो. त्याआधीच्या, 1997 च्या अल्टिमा ऑनलाइनच्या पिढीत भीती वेगळी होती. गेममधलं जग ठरावीक वेळाने डिस्कवर साठवलं जायचं. मध्येच सर्व्हर कोसळला की सगळं मागच्या नोंदीवर जायचं आणि तासभर झगडून मिळवलेली तलवार गायब. प्रत्येक व्यवहार लगेच डेटाबेसमध्ये लिहायचा, हा त्यावरचा उपाय.

पण खरा गोंधळ डीटीचं कारण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 'डेटाबेस मेंटेनन्स' या शब्दाचा आहे. 2003 मध्ये तो शब्दशः खरा होता. ईव्हमध्ये सगळे खेळाडू एकाच विश्वात, त्यामुळे बाजारातली प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक जहाज, गोदामातली प्रत्येक गोळी एकाच एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर. दिवसभर नोंदी येतात, पुसल्या जातात, आणि इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची, विस्कटतो. वारंवार फाटलेल्या-चिकटवलेल्या खातेवहीसारखा. तो नव्याने बांधायचा तर त्या काळी टेबलला कुलूप लागायचं. कुलूप असताना कोणी खनिज विकायला गेला तर नुसता ताटकळत राहणार. त्यापेक्षा सगळ्यांना बाहेर काढणं सोपं. नंतर एसक्यूएल सर्व्हरच्या 2005 च्या महागड्या आवृत्तीत चालू टेबलवर इंडेक्स बांधायची सोय आली. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्येही 2013 च्या 5.6 आवृत्तीपासून टेबलातले बरेचसे बदल लिखाण न थांबवता करता येऊ लागले. म्हणजे मूळ कारण बरंच ढिलं पडलं, पाटी मात्र तीच राहिली.

आज त्या पाटीखाली काय काय खपतं? नवा कोड चढवणं. दिवसभर फुगलेली मेमरी मोकळी करणं. आणि कुठली सूर्यमाला कुठल्या यंत्रावर चालवायची याची नवी वाटणी. मोठी लढाई ठरली असेल तर खेळाडू आधीच कळवतात, मग डीटीत ती सूर्यमाला ताकदवान यंत्रावर हलवली जाते. यातलं डेटाबेसचं काम किती? माझ्या मते थोडंच. 'सर्व्हर रिस्टार्ट करतोय' असं सरळ म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण 'मेंटेनन्स' म्हटलं की काहीतरी जपलं जातंय असं वाटतं.

शिवाय गेमचे नियमच या ठरलेल्या बंदभोवती वाढले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या गेममध्ये आठवड्याची रेड, म्हणजे गटाने खेळायची मोठी मोहीम, पुन्हा खुली होते ती मेंटेनन्सच्याच दिवशी, अमेरिकेत मंगळवारी, युरोपात बुधवारी. ईव्हमध्ये 27 जानेवारी 2014 ला सुरू झालेली बी-आर5आरबी या सूर्यमालेतली लढाई सुमारे 21 तास चालली. गर्दीमुळे गेममधल्या वेळाचा वेग दहा टक्क्यांवर आणला होता, पण डीटीचं घड्याळ काही हळू होत नाही. दहा मिनिटं उरली म्हणजे लढायला प्रत्यक्षात एकच.

2019 च्या डिसेंबरमध्ये एक दिवस डीटी मुद्दाम गाळून पाहिला गेला. काय काय अडतं ते बघायचं होतं. त्यानंतरही रोजचे 11 सुटले नाहीत. खाणकाम करणाऱ्यांची फारशी हरकत नसावी: उकरून संपलेले लघुग्रह डीटीनंतरच परत भरतात, आणि पाच वाजायच्या आत लघुग्रहांच्या पट्ट्यात पोचणाऱ्याला मोठे दगड मिळतात.