दहा मीटर आणि रक: रग्बी लीगमधले दोन वेगळे अपराध, एकच खूण

एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीग स्पर्धेचा सामना चालू असताना रेफरी धावता धावता हात डोक्यावर नेतो, घंटा वाजते आणि आक्रमक संघाच्या टॅकलची (चेंडू घेऊन धावणाऱ्याला बचावपटूंनी धरून पाडण्याची) मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. समालोचक ‘सिक्स अगेन’, म्हणजे पुन्हा सहा टॅकल, एवढेच म्हणतात. स्टँडमधले बहुतेक जण ही खूण ऑफसाइडची (ठरलेल्या रेषेच्या पुढे असण्याची) समजतात, पण तिच्यामागे दोन निरनिराळे अपराध असू शकतात. त्यांतला एक अंतराचा आहे आणि दुसरा वेळेचा. रेफरींच्या निर्णयांत सातत्य नसल्याची ओरड या दोन्हींबद्दल होत असली, तरी तिची कारणे सारखी नाहीत.

मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जे रग्बी खेळले जाते, ते युनियन, म्हणजे लीगहून वेगळा प्रकार. तिथे रक म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर उभ्याने झुंजणाऱ्या खेळाडूंचा घोळका, आणि त्यातल्या आपल्या बाजूच्या शेवटच्या खेळाडूच्या मागच्या पायाशी ऑफसाइडची रेषा असते. लीगने १९०६ मध्ये संघ १३ खेळाडूंचा केला आणि हा घोळकाच काढून टाकला. टॅकल झालेला खेळाडू उठतो आणि चेंडू पायाने मागे सरकवतो. याला प्ले-द-बॉल म्हणतात. मागे उभा असलेला डमी हाफ तो उचलतो. समोर बचाव संघाचे जास्तीत जास्त दोन मार्कर उभे राहू शकतात, तेही एकामागे एक. या लहानशा जागेलाच लीगमध्ये रक म्हणतात. सहा टॅकलमध्ये गुण मिळाले नाहीत, तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो.

मार्कर सोडून बचाव संघातल्या प्रत्येकाने प्ले-द-बॉलच्या जागेपासून १० मीटर मागे जायचे असते (गोलरेषा त्याहून जवळ असेल तर गोलरेषेपर्यंत) आणि चेंडू रकबाहेर पडेपर्यंत तिथेच थांबायचे असते. मैदानावर दर दहा मीटरला पट्टे आखलेले असतात, पण टॅकल काही पट्ट्यावरच होत नाही. त्यामुळे ही रेषा प्रत्यक्षात रेफरी स्वतःच असतो. तो मोजून मागे जातो, उभा राहतो, आणि बचावपटू त्याच्या पायांकडे पाहून रांग धरतात. कोणाचे दहा मीटर नऊ भरतात, तर कोणाचे अकरा. तरीही हा फरक मला फारसा खटकत नाही, कारण रेफरीचे नऊ मीटर दोन्ही संघांना नऊच असतात आणि चांगला कर्णधार पहिल्या दहा मिनिटांत त्याचा अंदाज घेतो.

रकमधला अपराध असा मोजता येत नाही. टॅकल पूर्ण झाल्यावर बचावपटूने समोरच्याला सोडून बाजूला व्हायचे असते, पण किती वेळात, हे सेकंदांत ठरलेले नाही. बचावपटूंनी जोरदार टॅकल करून समोरच्याला पाठीवर पाडले, तर रेफरी त्यांना उठायला थोडा जास्त वेळ देतो. पायाशी झालेल्या साध्या टॅकलमध्ये तो लगेच ‘मूव्ह’ म्हणून ओरडतो. या दोन टोकांमध्ये जो अर्धा-पाऊण सेकंद उरतो, त्यावर गेली वीसेक वर्षे प्रशिक्षक मेहनत घेत आहेत. मेलबर्न स्टॉर्मने त्यासाठी कुस्तीचा स्वतंत्र प्रशिक्षकच ठेवला, आणि इतर संघांनी त्यांचाच कित्ता गिरवला. उठता उठता हात चेंडूवर ठेवणे, अंगावरून उतरताना मुद्दाम पायात अडखळणे, वर खेचल्याचा आविर्भाव करत खाली दाबणे, हे सारे सरावाने येते. आपल्या क्रिकेटच्या भाषेत बोलायचे तर दहा मीटर हा पुढच्या पायाचा नो-बॉल आहे आणि रक हा लेग साइडचा वाईड.

घोटाळा वाढतो तो हे दोन्ही अपराध एकमेकांना पोसत असल्यामुळे. रकमध्ये पाऊण सेकंद चोरला, की उरलेल्या बचावपटूंना दहा मीटर मागे जायला तेवढी सवड मिळते आणि रांग निर्दोष दिसते. उलट प्ले-द-बॉल झटपट झाला, तर प्रामाणिकपणे मागे धावणारी रांगही ऑफसाइड सापडते. म्हणजे रेफरीने रकमध्ये ढिलाई दाखवली, तर ऑफसाइडचे अपराध आपोआप कमी होतात, आणि आकडे पाहणाऱ्याला मात्र वाटते की संघ शिस्तीत खेळला.

२००९ पासून एनआरएलमध्ये मैदानावर दोन रेफरी असत. एक दहा मीटरवर उभा राहून रांग धरायचा, तर दुसरा रकजवळ राहून हातापायांच्या उचापतींवर नजर ठेवायचा. करोनामुळे थांबलेली स्पर्धा २८ मे २०२० रोजी पुन्हा सुरू झाली, तेव्हा एक रेफरी कमी करण्यात आला आणि त्याच वेळी रकमधल्या अपराधांसाठी पेनल्टीऐवजी ‘सिक्स अगेन’ आले. आता एकटा रेफरी दहा मीटरवर उभा राहून समोरच्या रककडे पाहतो, आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला पसरलेली रांग त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातूनच दिसते. टच जज या साहाय्यक पंचांची मदत असते, पण तेही मैदानाच्या कडेला.

२०२१ मध्ये दहा मीटरच्या ऑफसाइडलाही ‘सिक्स अगेन’च लागू झाले, आणि मोजण्याचा अपराध व अंदाजाचा अपराध एकाच घंटेखाली आले. माझ्या मते हा निर्णय चुकलाच. पेनल्टीमध्ये खेळ थांबतो, रेफरी कारणाची खूण करतो, आणि संघ चेंडू टचमध्ये (बाजूच्या रेषेबाहेर) मारून मैदान कमावतो किंवा गोलवर किक मारून दोन गुण घेतो. ‘सिक्स अगेन’मध्ये यांपैकी काहीच होत नाही, खेळच थांबत नसल्यामुळे कर्णधाराला निर्णयाला आव्हान देण्याचीही संधी नसते. शिवाय ही शिक्षा टॅकलच्या क्रमांकानुसार बदलते. पाचव्या टॅकलवर ती जबर असते, पण पहिल्या टॅकलवर जवळजवळ फुकट. संघांनी हे लगेच हेरले आणि प्रतिस्पर्धी त्यांच्याच गोलरेषेजवळ असताना पहिल्या टॅकलवर खुशाल वेळ काढू लागले. म्हणून २०२२ मध्ये नियमाला ठिगळ लावले गेले: आक्रमक संघ स्वतःच्या गोलरेषेपासून ४० मीटरच्या आत असेल, तर दोन्ही अपराधांना पुन्हा पूर्ण पेनल्टी.

कडकपणाने हा प्रश्न सुटेल असे ज्यांना वाटते, त्यांनी २०१८ चा हंगाम आठवावा. त्या वर्षी सुरुवातीपासून प्ले-द-बॉल आणि दहा मीटरवर कडक अंमल झाला, आणि मार्चमधल्या शार्क्स विरुद्ध स्टॉर्म सामन्यात ३३ पेनल्टी दिल्या गेल्या. टीका इतकी झाली की हंगाम पुढे सरकला तशी शिट्टी मवाळ पडली. मार्चमध्ये जो अपराध होता तो पुढे खपून गेला, आणि चाहत्यांची खरी तक्रार तीच आहे: पाचव्या मिनिटाला रकमध्ये जे चालत नाही, ते पंचाहत्तराव्या मिनिटाला चालते.

पडद्यावर सामना पाहताना घंटा कशाची हे ओळखायचे, तर ती कधी वाजली ते पाहावे. टॅकल करणारा अजून जमिनीवरून उठतोय आणि चेंडू मागे सरकलेला नाही, अशा वेळी वाजली तर बहुधा रक. डमी हाफने पास दिल्यावर, चेंडू झेलणाऱ्याला पहिल्याच पावलात कोणी गाठल्यावर वाजली तर बहुधा दहा मीटर.