पंकज अडवाणी : टूर कार्ड सोडून आलेला ‘हौशी’

५ मे २०२५ रोजी शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये चीनच्या झाओ शिनटोंगने मार्क विल्यम्सला १८-१२ असं हरवलं. स्नूकरच्या मुख्य जागतिक स्पर्धेचा तो पहिला आशियाई विजेता. गंमत म्हणजे तेव्हा तो ‘हौशी’ खेळाडू होता. सामना-निश्चिती प्रकरणातल्या बंदीच्या काळात व्यावसायिक टूरमधली जागा गेलेली, त्यामुळे पात्रता फेऱ्यांपासून खेळत वर आलेला. भारतात स्नूकर पाहणाऱ्यांना मात्र हे नाव जुनंच. २०१५ मध्ये इजिप्तच्या हुरघडामध्ये, हौशींच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, याच झाओला पंकज अडवाणीने ८-६ असं हरवलं होतं. झाओ तेव्हा १८ वर्षांचा होता, पंकज ३० वर्षांचा.

हौशी म्हटलं की आपल्याला नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारी नाटकमंडळी आठवतात. स्नूकरमध्ये या शब्दाचा अर्थ एवढाच, की खेळाडूकडे व्यावसायिक टूरचं कार्ड, म्हणजे त्या स्पर्धामालिकेत खेळण्याचा परवाना, नाही. सरावाचे तास किंवा खेळाची पातळी याच्याशी त्याचा संबंध नाही.

स्नूकरचा जन्मच मुळी जबलपूरचा, १८७५ च्या सुमाराचा, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमधला. हौशींची पहिली जागतिक स्पर्धा १९६३ मध्ये झाली तीही कलकत्त्यात, पण जिंकला इंग्लंडचा गॅरी ओवेन. आपला दबदबा बिलियर्ड्समध्ये, त्याच टेबलावरच्या दुसऱ्या खेळात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ मध्येच त्यात जागतिक विजेतेपद आणलं होतं. स्नूकरसाठी १९८४ उजाडावं लागलं. त्या वर्षी डब्लिनमध्ये ओम अग्रवाल जिंकला. हे नाव आज किती जणांना आठवतं, कोण जाणे.

पंकजचा जन्मही पुण्याचा, १९८५ चा. बालपण कुवेतमध्ये गेलं, आखाती युद्धामुळे कुटुंब बंगळूरला आलं. मोठा भाऊ श्री याच्या मागे मागे तो टेबलापाशी पोचला आणि माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सवूर यांच्या हाताखाली घडला. २००३ मध्ये चीनच्या जियांगमेनमध्ये हौशींचं जागतिक स्नूकर विजेतेपद त्याने मिळवलं, तेव्हा तोही १८ वर्षांचाच होता. मग बिलियर्ड्सची जागतिक विजेतेपदं आली, आणि २००६ व २०१० च्या आशियाई खेळांत बिलियर्ड्सची सुवर्णपदकं. त्यानंतर हा खेळच आशियाई खेळांतून वगळला गेला. आपल्याकडे पदक नसेल तर बातमी आतल्या पानावर जाते, हे वेगळं सांगायला नको.

२०१२ मध्ये तो व्यावसायिक टूरवर उतरला. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली. रँकिंग स्पर्धेत, म्हणजे जागतिक क्रमवारीसाठी धरल्या जाणाऱ्या स्पर्धेत, तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय. पण टूरवर राहायचं तर वर्षातले कितीतरी महिने ब्रिटनमध्ये काढायचे आणि बिलियर्ड्स जवळपास सोडून द्यायचं. दोन मोसमांनंतर, २०१४ मध्ये, त्याने कार्डच सोडलं. ‘तिथे टिकला नाही’ असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. या माणसाला एकच खेळ खेळायचा नव्हता.

दोन्ही खेळ सांभाळणं म्हणजे काय, हे एका फटक्यावरून कळतं. बिलियर्ड्समध्ये तुमचा पांढरा चेंडू लाल चेंडूला लागून टेबलाच्या खिशात गेला तर तीन गुण मिळतात. स्नूकरमध्ये तसंच झालं तर तो फाउल, आणि प्रतिस्पर्ध्याला किमान चार गुण. टेबल तेच, क्यूसुद्धा (खेळायची काठी) तोच, पण एका खेळात जे मुद्दाम घडवून आणायचं तेच दुसऱ्यात जिवापाड टाळायचं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये दोहात त्याने आधी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद जिंकलं. मग हात पुन्हा स्नूकरला वळवला, आणि महिना संपायच्या आत इराणच्या अमीर सरखोशला ८-२ असं हरवून तेही जिंकलं.