गर्भपात करून घ्यायचाय? आठवडे, कागद आणि धोके

गर्भपातात धोका किती, असं विचारलं की डॉक्टर आधी उलट विचारतात, शेवटची पाळी कधी आली होती? गर्भाचे दिवस त्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. पाळी दर २८ दिवसांनी येत असेल आणि चुकून १० दिवस झाले असतील, तर केसपेपरवर ५ आठवडे ३ दिवस पडतात. कायद्यात आपण कुठे बसतो ते या आकड्यावर ठरतं, आणि धोकाही त्याच्याबरोबरच वाढतो.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. बाईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, बाळात गंभीर व्यंग, बलात्कारातून राहिलेला गर्भ, गर्भनिरोधक फसणं, ही त्यासाठीची कारणं. गर्भनिरोधकाचं कारण पूर्वी फक्त विवाहितेला सांगता यायचं, आता लग्नाची अट नाही.

२० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि तेही ठरावीक गटांसाठी: अत्याचारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात नवरा गेलेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मनोरुग्ण, बाळात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. अविवाहितेला यातून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. २४ च्या पुढे फक्त बाळातल्या गंभीर व्यंगासाठी, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. मंडळाने ३ दिवसांत मत द्यायचं असतं. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल, तर आठवड्यांची अट आड येत नाही.

कागदांवरून मात्र नको तितका गोंधळ होतो. कायद्याला बाईकडून हवा असतो तो एकच कागद, संमतीपत्र, म्हणजे नमुना ‘सी’. त्यात नाव, वय, पत्ता आणि ‘अमुकची मुलगी / पत्नी’ अशी एक रिकामी जागा असते. त्या जागेकडे बोट दाखवून काउंटरवर विचारतात, ‘नवरा कुठंय? सही लागेल त्याची.’ लागत नाही. तिथे नुसतं नाव लिहायचंय, तेही वडिलांचं चालतं. सही १८ वर्षांवरील बाईची एकटीची. १८ च्या आत असेल किंवा मानसिक आजार असेल, तरच पालकाची. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोक्सोमुळे (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकाने सांगितलं तर डॉक्टर तिचं नाव न देता कळवू शकतात. लग्नाचा दाखला किंवा एफआयआरची प्रत ही कायद्याची अट नाही. केसपेपर आणि सोनोग्राफीसाठी आधार मागतात, तेवढं जवळ ठेवा. जुने रक्ताचे रिपोर्ट असतील तर तेही. संमतीपत्र लिफाफ्यात सीलबंद राहतं. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नवऱ्याच्या सहीसाठी दोन आठवडे गेले, की ९ व्या आठवड्यात गोळ्यांवर झालं असतं ते ११ व्यात गर्भपिशवी रिकामी करण्यावर येतं. माझ्या मते सगळ्यात मोठा टाळता येण्याजोगा धोका हाच.

गोळ्या ९ आठवड्यांपर्यंत. आधी मिफेप्रिस्टोन, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणींचं यातच पूर्ण होतं. उरलेल्यांच्या पिशवीत काही अंश राहतो किंवा गर्भ तसाच वाढतो, आणि मग पिशवी साफ करावी लागते. गोळ्या घेऊनही गर्भ राहिला तर बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून पंधराव्या दिवशीची तपासणी चुकवू नये. १२ आठवड्यांपर्यंत व्हॅक्यूमने पिशवी रिकामी करतात. त्यात जंतुसंसर्ग, गर्भाशयाच्या तोंडाला इजा, क्वचित पिशवीला छिद्र, असे धोके असतात. नीट झालेल्या गर्भपाताने पुढे मूल होत नाही, हे मात्र खरं नाही.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. गर्भ नळीत असेल तर त्या काम करत नाहीत, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. हिमोग्लोबिन फार कमी असेल, रक्त पातळ करणारी औषधं किंवा बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असतील, तांबी बसवलेली असेल, तर आधी सांगायला हवं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा.

गोळ्यांनंतर अंगावरून पाळीपेक्षा जास्त जातं, गाठी पडतात, पोटात कळा येतात. इतकं अपेक्षितच असतं. पण सलग दोन तास, तासाला दोन मोठी पॅड पूर्ण भिजत असतील, दुसऱ्या दिवशीही १००.४ च्या वर ताप असेल, घाण वास येत असेल, चक्कर येत असेल किंवा पोटातल्या कळांबरोबर खांदा दुखत असेल, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. रुग्णालयात गोळ्या घेतल्याचं लपवू नका.

जागा सरकारी रुग्णालय किंवा मान्यताप्राप्त केंद्रच हवी. खासगी केंद्राच्या भिंतीवर नमुना ‘बी’चं प्रमाणपत्र लावलेलं असतं, ते वाचा. होमिओपॅथ, आयुर्वेदिक डॉक्टरांना ही परवानगी नाही. २०१७ साली सांगली जिल्ह्यातलं म्हैसाळ प्रकरण उघडं पडलं ते एका बाईच्या मृत्यूनंतर, आणि तो दवाखाना होमिओपॅथचा होता.

गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस राहू शकतात. तांबी हवी असेल तर पिशवी साफ करतानाच बसवता येते, तसं आधीच सांगून ठेवा.